रिकामा परत जाणारा डबा

ज्यांनी हे वाचायला हवं त्यांना आत्ता काहीच वाचवत नसेल, हे मला ठाऊक आहे. माझंही तसंच झालं होतं. वर्तमानपत्राची एक ओळ डोळ्यांसमोर धरली तरी नुसती अक्षरं दिसायची, आत काही पोहोचायचं नाही. म्हणून जमेल तेवढं साधं लिहितो. एका दमात वाचायची सक्ती नाही. वाचवलंच नाही तर शेजारच्या कॉटवरच्या मित्राला वाचायला द्या. खरं तर हे त्याच्यासाठीही आहे.

मी सांगलीला कॉलेजात असताना वेडा झालो होतो, असं आमच्या गावात सांगतात. लोकांना थोडक्यात सांगायची सवय असते. मी जरा लांबवून सांगतो.

डबा

आमचं गाव कडेगावजवळचं. गावातून सांगलीला सायन्स कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे तात्या, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले. पलटणीत त्यांनी इंजिनियर साहेब पाहिले होते आणि पोरगा तसाच करायचा हे तिकडूनच ठरवून आले होते. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी होच म्हणालो असतो. घरात आई आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी बहीण शालन.

आमच्याकडच्या गावांतून शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे यष्टीनं जायचे. सकाळच्या गाडीला घरची माणसं डबे आणून द्यायची, कंडक्टर ते मागच्या सीटखाली सरकवायचा, आणि सांगलीच्या स्टँडवर एका कोपऱ्यात रांगेनं मांडून ठेवायचा. दुपारी आम्ही पोरं जाऊन आपापला डबा ओळखून उचलायचो. माझा ओळखायला सोपा होता. तात्यांच्या जुन्या पलटणीच्या पँटची खाकी पिशवी आईनं शिवली होती, आणि तिच्यावर तात्यांनी तांबड्या ऑइलपेंटनं ‘सदा, सांगली’ असं लिहिलं होतं. जेवून, डबा पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीला परत द्यायचा. पोस्टात पत्र हरवेल, पण यष्टीतला डबा कधी हरवला नाही.

आईला लिहाय-वाचायला येत नव्हतं. तिचं पत्र म्हणजे हा डबा. संध्याकाळी ती फाट्यावर उभी राहायची, कंडक्टरकडून पिशवी घ्यायची आणि पहिल्यांदा कानाजवळ हलवून बघायची. आत वाटी खडखडली की पोरगं जेवलं. मग घरी जाऊन स्वतः जेवायची. सकाळी चहाबरोबर भाकरीचा तुकडा, त्यानंतर थेट डबा आल्यावर. तो उपास नव्हता की नवस नव्हता. शेजारच्या बायका चेष्टा करायच्या, “आवं, तुमचं प्वार काय लढाईवर गेलंया व्हय?” त्यावर ती म्हणायची, “त्याच्या पोटात गेल्याबिगर माझ्या घशाखाली उतरत न्हाई, त्याला मी काय करू?”

मला याचा अभिमान वाटायचा. खोलीतल्या मित्राला, यशवंताला, मी हे हसत हसत सांगितलं होतं.

दिवाळीनंतर

कारण काय झालं, असं सगळे विचारतात. पोरीचं काही होतं का, नापास झालास का, कुणी बोललं का. मी पुष्कळ शोधलं. गणिताच्या चाचणीत नापास झालो होतो हे खरं. पण आधी मन बसलं, मग नापास झालो. दिवाळीची सुट्टी संपवून सांगलीला आलो, ट्रंक उघडली, आणि कपडे बाहेर काढायचं कशाला, असं वाटून तशीच बंद केली. सुरुवात म्हणून मला तेवढंच आठवतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट जड होत गेली. दात घासणं जड. कॉलेजचा जिना चढणं जड. वर्गात सर फळ्याकडे वळले की सगळी पोरं खालमानेनं उतरवून घ्यायची, आणि मी पेन हातात धरून बसायचो. पहाटे जाग यायची ती छातीवर दगड ठेवल्यागत. काय वाईट झालंय ते आठवायचा प्रयत्न करायचो, आणि काहीच झालेलं नसायचं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. मरावं असं वाटायचं. हे सरळ लिहितो, कारण मला कुणी सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन असलं कुणाला सांगायचं, हे मला माहीत नव्हतं.

भूक तर मेलीच होती. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा.

यशवंताला आम्ही यशा म्हणायचो. तो पाटणच्या पलीकडचा, कोयनेच्या खोऱ्यातल्या आडगावचा. त्याच्या गावाहून डबा येणं शक्यच नव्हतं, म्हणून तो खानावळीत जेवायचा, आणि खानावळीची आमटी अशी की ताटाचा तळ दिसावा. दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. रेशनच्या तांबड्या मिलो जोंधळ्याच्या भाकरी आम्ही दोघांनीही खाल्ल्या होत्या. अन्न टाकायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“सदा, डबा तसाच हाय रं.”

“भूक न्हाई.”

“मग काय कुत्र्याला घालायचा? पाप लागंल गड्या.”

“तू खा.”

यशानं डबा पुढं ओढला. म्हणाला, “खातो. भरलेला धाडला तर तुझी आई तिकडं उपाशी ऱ्हाईल.”

त्यानं खाल्ला, वाटी नीट पुसली आणि डबा संध्याकाळच्या गाडीला देऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं पुढं मी स्टँडवर जाणंही सोडलं, तोच आणायचा, तोच खायचा, तोच परत द्यायचा. मी उपाशी नव्हतो अगदी. चहा आणि पाव पोटात जायचा. यशाला खरंच वाटायचं की हे चार दिवसांचं आहे, तोवर मावशीला कशाला घोर. माझ्या आईला उपाशी ठेवायचं नाही, म्हणून तो माझं जेवण जेवत होता. इतकं भाबडं आणि इतकं चुकीचं काम आमच्याकडचीच माणसं करू जाणोत.

संक्रांतीला आईनं डब्यात तिळाच्या वड्या घातल्या होत्या. यशानं त्यातल्या अर्ध्या माझ्यासाठी कागदात बांधून ठेवल्या. त्या मुंग्यांनी खाल्ल्या.

घरी मी जात नव्हतो. अभ्यास आहे, असा निरोप यशाकडून कंडक्टरबरोबर धाडायचो. तिकडं कुणाला शंका आली नाही, कारण डबा रोज खडखडत येत होता.

भरलेला डबा

माघात यशाच्या गावची यात्रा असते. तो दोन-तीन दिवसांसाठी गेला. जाताना म्हणाला, “डबा आन रं बाबा तेवढा. कायबी कर, पर रिकामा करून धाड.” मी मान हलवली. पण मी उठलोच नाही. दार आतून लावून पडून राहिलो. डबा स्टँडवरच राहिला, आणि कंडक्टरनं तो तसाच परत नेला.

त्या संध्याकाळी आईनं पिशवी हलवली, आत काही खडखडलं नाही. गाठसुद्धा तिनंच मारलेली, तशीच. तिला वाटलं, पोरगं कुठं परगावी गेलं असंल. ती रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच डबा परत आला. तिसऱ्या सकाळी डबा यष्टीत चढला तो आईच्या मांडीवर बसून.

तिनं दार वाजवलं तेव्हा मला आवाज ओळखू आला, आणि तरीही उठवेना. शेजारच्या खोलीतल्या पोरानं खिडकीतून हात घालून कडी काढली. मी आंघोळ कधी केली होती ते मला आठवत नव्हतं. दाढी वाढलेली. मनगटं तिनं हातात धरून बघितली. मग खाली बसली, डबा सोडला, भाकरीवर भाजी घातली आणि पुढं केली.

“खा.”

मी घास घेतला. तो गिळेना. मी तो हातावर काढून ठेवला.

ते शेजारचं पोरगं दारातच उभं होतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो म्हणाला, “मावशी, त्यो कुठं खातोय? त्याचा डबा दिवाळीपास्नं यशा खातोय की.”

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. ती रडेल, रागवेल असं मला वाटलं. तिनं डब्याचं झाकण हातात घेतलं, आणि अगदी हळू, स्वतःशीच हिशेब लागावा तसं म्हणाली,

“म्हंजे दिवाळीपास्नं मी जेवत हुते. पोटभर. आन तू उपाशी हुतास.”

माझ्या सगळ्या आजारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या क्षणी. त्याआधी कित्येक दिवस रडूसुद्धा येत नव्हतं.

गावात

ती मला त्याच गाडीनं घेऊन गेली. गावात जे होतं ते झालं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं सांगलीच्या घाटावर काहीतरी आडवं गेलं. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. मला त्याचा राग आला नाही. निदान माणसं काहीतरी करत होती.

तात्यांचं औषध वेगळं. पहाटे उजाडताच माझ्या अंगावरची वाकळ ओढायचे. “ऊठ. ओढ्यापातूर पळत जाऊन ये. पलटणीत असलं दुखणं नसतंय.” मी उभा राहायचो आणि उभाच राहायचो. एकदा त्यांनी माझ्या दंडाला धरून ओढत नेलं. मी वाटेत खाली बसलो. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला त्यांच्या तोंडावर राग दिसला नाही, भीती दिसली. ती मला जास्त लागली.

घरात कुजबूज चालायची ती शालनच्या लग्नाची. कोरेगावच्या एका चांगल्या घराशी बोलणी जवळपास पक्की झाली होती, सुपारी फोडायची राहिली होती. सुपारीच्या दिवशी भाऊ मांडवात हिंडता-फिरता दिसला पाहिजे, असं तात्यांचं म्हणणं. तोवर दवाखाना नको. दवाखान्याचं नाव निघालं की ते बाहेर ओसरीत जायचे.

शेवटी आईनं हट्टानं विट्याच्या डॉक्टरांकडं नेलं, आणि त्यांनीच तात्यांना स्पष्ट सांगितलं की हे आमच्या हातातलं नाही, मिरजेला न्या, आणि वेळ लावू नका.

मिरज

मनाच्या डॉक्टरांची खोली म्हणजे मला काहीतरी भयंकर वाटलं होतं. एक टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आईला पहिला प्रश्न साधाच विचारला.

“जेवण कधीपासून कमी झालंय याचं?”

माझ्या खाण्याचं आईला काही विचारावं आणि तिला सांगता येऊ नये, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. मी रांगत असताना कुठली भाजी थुंकली ते तिला पाठ होतं. तिनं पदर तोंडाला लावला.

“मला ठावं न्हाई, डाक्टरसाब.”

तेवढंच. तिला ते बोलायला किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

मग त्यांनी मला विचारलं, “जगावंसं वाटतं का?” कुणी विचारेल म्हणून मी इतके दिवस थांबलोच होतो जणू. मी म्हणालो, “न्हाई.” तात्या खुर्चीवरून उठले आणि बाहेर गेले. दाराच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती. ताठ, पण खांदे हलत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नैराश्य. मला ते नाव फारच मऊ वाटलं. एवढ्याशा शब्दासाठी एवढं? पण त्याला नाव आहे, म्हणजे हे माझ्याआधी दुसऱ्या कुणाला झालेलं आहे, एवढं डोक्यात शिरलं. “हा नाटक करत नाही, आळस करत नाही,” ते आईला म्हणाले. “दुखणं आहे. उतरेल. पण लगेच उतरणार नाही.” आईनं विचारलं, “मी काय करू?” ते म्हणाले, “जवळ बसा.”

वॉर्डात

वॉर्ड लांबोळका होता, खिडक्यांना गज. सकाळी चहा, गोळ्या, मग आंघोळीसाठी नंबर. काही सकाळी विजेचा शॉक असायचा. त्याला मी फार भ्यायलो होतो, आणि घाबरू नका असं मी लिहिणार नाही. शॉकनंतर डोकं जड व्हायचं, आपण कुठं आहोत ते थोडा वेळ आठवायचं नाही, काही दिवस तर डोक्यातून गेले ते गेलेच. पण छातीवरचा दगड हलला तो त्यानं आणि गोळ्यांनी. तुमचं औषध वेगळं असेल. डॉक्टरांना विचारा, मला नको.

आई कॉटखाली चटई टाकून राहायची. आणि इथं तिनं एक गोष्ट सुरू केली, जिनं मला जीव नकोसा केला. मी एक घास खाल्ला की ती एक घास खायची. मी दोन, तर ती दोन. मी ताट सारलं की तीही सारायची. “तू जेवढं खाशील तेवढंच मी. फसवून घ्यायला आता डबा न्हाई मधी.”

आईच्या मायेचे गोडवे गाणाऱ्यांनी माझ्या जागी बसून बघावं. मला तिचा राग यायचा. जगायचंच ओझं झालेल्या माणसाच्या डोक्यावर तिनं आपली भूकही आणून ठेवली. तिचे गाल बसत चालले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि मी डोळे मिटून घ्यायचो. एकदा ओरडलोसुद्धा, “मर जा तू उपाशी!” वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. आईनं आपलंही ताट उचलून बाजूला ठेवलं.

तिथल्या एका सिस्टरनं हे पाहिलं. तिनं आईला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येईल इतपतच बाजूला. “मावशी, हे औषध नव्हे. ही त्याच्यावर सक्ती होतीय. तुमच्या पोटाचा भार त्याच्या डोक्यावर टाकू नका. तुम्ही तुमचं जेवा.”

“त्याच्यासमोर? त्यो उपाशी असताना?”

“मग पाठ करून जेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्याकडं पाठ करून बसली. गावाकडनं तात्यांनी भाकरी आणली होती. तिनं फरशीवर कांदा ठेवला आणि बुक्कीनं फोडला. तो फुटल्याचा आवाज झाला, वास आला. मग भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज. ती सावकाश चावत होती. चोरून काही खावं तशी मान खाली घालून. तिच्या पाठीचं हाड लुगड्यातून दिसत होतं.

मी ऐकत पडलो होतो. आणि पोटात काहीतरी हललं. मला आधी ओळखू आलं नाही. फार दिवसांनी आलेला पाहुणा दारात उभा राहावा आणि नाव आठवू नये, तसं झालं. ती भूक होती.

“आई,” मी म्हणालो. “कांदा दे.”

तिचं चावणं थांबलं. ती वळली नाही. वळली तर मी पुन्हा नको म्हणेन, अशी तिला भीती असणार. भाकरीचा तुकडा आणि कांद्याची पाकळी असा हात तिनं तसाच मागं केला. मी तुकडा घेतला आणि खाल्ला, आणि ती पाठमोरीच बसून ऐकत राहिली.

त्या दिवसापासून मी बरा झालो, असं कुणाला वाटेल. तसं काही नसतं. त्यानंतरही वाईट दिवस आले, पुष्कळ आले.

तात्या आणि शालन

तात्या आठवड्यातून एकदा यायचे. इस्त्रीचे कपडे, टोपी, कॉटच्या पायथ्याशी ताठ. एका दुपारी आई कपडे धुवायला गेली असताना ते अचानक बोलायला लागले.

“आमच्या पलटणीत एक प्वार हुतं. आपल्याच बाजूचं. असंच गप बसायचं. जेवायचं न्हाई. आमी त्याला हसायचो. मी त्याला रगडा लावला. पाठीवर वझं दिऊन मैदानात पळवला.”

“मग?”

तात्या टोपी हातात घेऊन तिची घडी नीट करत राहिले. “मग काय न्हाई,” म्हणाले. टोपी डोक्यावर घालून उठताना, “तुला पळवाया नगं हुतं.”

कोरेगावची बोलणी मोडली. मिरजेच्या दवाखान्यात आसपासच्या जिल्ह्यांची माणसं येतात-जातात. बातमी जायची ती गेलीच. मोडायच्या आधी एकदा तात्या मला सुपारीसाठी दोन दिवस घरी न्यायला आले होते, आणि शालनच आडवी आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बापासमोर उभी राहून म्हणाली, “त्याला न्हेऊ नका. लगीन काय, आज न्हाई उद्या हुईल. दादा कुठनं आनायचा?”

उद्या व्हायला बरीच वर्षं लागली. शेवटी दोन मुलं पदरी असलेल्या बिजवराला ती दिली. माणूस वाईट नाही. पण माहेरी आली की ती माझ्या पोरांकडं बघते, आणि मग काहीतरी काम काढून उठून जाते. मला तिनं कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा सांगली

वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये मी परत सांगलीला निघालो. आईनं तीच खाकी पिशवी धुऊन ठेवली होती. तात्यांनी अक्षरांवरून पुन्हा तांबडा रंग फिरवला होता. गाडी यायच्या आधी फाट्यावर आई म्हणाली,

“एक ध्यानात ठेव. खाल्लंस तर रिकामा धाड. न्हाई खाल्लंस तर तसाच धाड. भरलेला आला तर मी रडीन. रडू दे मला. पर खोटा रिकामा नगं धाडू.”

मी हे लिहितोय ते या एका वाक्यासाठी. घरी काळजी करतील, म्हणून आपण हसरी कार्डं धाडतो, ठीक आहे म्हणतो. मित्रही आपल्यासाठी खोटं बोलतात, आणि ते मायेनंच बोलतात. तिकडं माणसं पोटभर जेवत राहतात. त्यांना उपाशी राहू द्या. त्यांचा तो हक्क आहे.

मी काही वेळा डबा भरलेलाच परत पाठवला. काही वेळा अर्धा. दुसऱ्या सकाळी डब्याबरोबर आई हजर, असंही दोनदा झालं. गोळ्या चालू होत्या, मिरजेला जाणं चालू होतं.

आणि यशा. तो यात्रेहून परतला तेव्हा खोलीला कुलूप. कळल्यावर मिरजेला धावत आला होता, पण वॉर्डात शिरेना. दाराशी आईच्या पायावर पडला, उठेचना. आईनं त्याला उठवलं. तिला त्याचा राग आला असेल का? आला असणार. पण ती म्हणाली ते एवढंच, “तू तरी जेवलास ना बाबा. वाया न्हाई गेलं.” त्या वाक्यानं तो जास्तच कोसळला. पुढं मी सांगलीला परतल्यावर ती डब्यात त्याच्याही वाटणीच्या भाकऱ्या घालायची. यशानं हात लावला नाही. “पोट भरलंय,” म्हणायचा. त्या भाकऱ्या रोज परत जायच्या आणि संध्याकाळी आई त्याच खायची. आज तो नोकरीला आहे, माझ्या घरी येतो, गप्पा मारतो. पाण्यापलीकडं काही घेत नाही.

आई

मी इंजिनियर झालो नाही. एका हायस्कुलात गणित शिकवतो, घरून सायकलनं जातो. गोळ्या बंद झाल्या. अधूनमधून ढग येतो, आणि आता मी आला म्हणून सांगतो.

आई मात्र त्या दिवाळीतून बाहेर आलीच नाही. माझं ताट रिकामं झालं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. जेवताना समोर बसून माझ्या गळ्याकडं बघायची, घास खाली उतरतोय का म्हणून. लग्नानंतर बायकोला त्याचा वैताग यायचा. मी तिला हे सगळं सांगितलं, मग तीही बघू द्यायला लागली.

या वर्षी आईला पोटाचं दुखणं झालं. मिरजेला नेलं, त्याच वाटेनं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, हवं ते खाऊ घाला. पण तिला काहीच नको होतं. पेज नको, दूध नको. शालन आली, यशा येऊन गेला. मी चमचा घेऊन बसायचो, आणि ती ओठ मिटून मान फिरवायची. सगळ्या जन्माची उसनवारी फेडल्यागत मी विनवण्या करायचो, आणि मला कळायचं की वॉर्डात तिला काय होत होतं.

परवा दुपारी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्या अंथरुणाशी तिच्याकडं पाठ करून बसलो. जमिनीवर कांदा ठेवला आणि बुक्कीनं फोडला. भाकरी मोडली. मुद्दाम आवाज करत चावायला लागलो. शालन दारात उभी होती. मी काय करतोय ते तिला कळलं, ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी वाट बघत होतो. ‘मला दे’ म्हणेल. म्हणाली तर हात कसा मागं करायचा, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मग आवाज आला, अगदी बारीक.

“सदा, भाकरी हाय का आनखी?”

“हाय की आई.”

“मग आनखी एक घे.”

मी घेतली. गिळवत नव्हती, पण खरी खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत. तिनं वळून बघितलं नाही. ती ऐकत होती.